लॅडर फ्रेमची मोठी एसयूव्ही आदळते, थरथरते: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅडर फ्रेमवर (शिडीच्या आकाराच्या वेगळ्या चेसिसवर) बांधलेली सात आसनी मोठी एसयूव्ही, मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकच कणा) आणि पाटे (पानांच्या स्प्रिंग), ९० हजार किलोमीटर झालेले. वर्षापूर्वी २० इंची चाके आणि 'एलटी' (लाइट ट्रक) वर्गाचे, दहा प्लायचे म्हणजे जाड भिंतीचे ऑल-टेरेन टायर बसवले. हवा चारही चाकांत ४५ पीएसआय. एरवी गाडीत दोघेच असतात, सुट्टीत सगळे कुटुंब आणि सामान. मधल्या आणि मागच्या रांगेतली माणसे दणक्यांनी आणि थरथरीने वैतागली आहेत. गॅरेजने हेवी ड्यूटी शॉकअप आणि गाडी दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट सुचवले आहे. ते करावे का?

नको, निदान आत्ता तरी. ज्या गाडीवर कायम जादा वजन असते किंवा जिला खडकाळ वाटेवर उंची हवी असते, तिच्यासाठी ते उपाय आहेत. तुमची अडचण नेमकी उलट आहे. गाडीची मागची बाजू सात माणसे आणि सामान पेलायला बांधली आहे, आणि वर्षातले बहुतेक दिवस ती दोन माणसे घेऊन फिरते. त्यात टायर ताठ झाले. आता शॉकअपही ताठ केले, तर आज जे थोडेफार हादरे मुरतात तेही थेट सीटपर्यंत येतील.

मी अशा गाडीकडे पाहताना रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये एकावर एक ठेवलेल्या पाच गाद्या धरून चालतो: टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश, स्प्रिंग-शॉकअपची जोडी, चेसिस आणि बॉडीमधले रबरी माउंट, आणि शेवटी सीटचा फोम. यातली एक गादी दगडासारखी झाली की बाकीच्यांवर कितीही खर्च करा, फरक थोडाच पडतो. म्हणून आधी कोणती गादी बिघडली आहे ते शोधायचे.

'राइड खराब आहे' या तक्रारीत खरे तर चार वेगळ्या तक्रारी असतात. सपाट पण खरखरीत रस्त्यावर सतत बारीक थरथर जाणवत असेल, तर संशय टायर, हवा, बुश आणि बॉडी माउंटवर. पुलाच्या सांध्यावर किंवा खड्ड्यात एकच कडक दणका बसत असेल, तर टायरची साइडवॉल (बाजूची भिंत), बंप स्टॉप (चाक फार वर आले की अडवणारा रबरी ठोकळा) किंवा गरजेपेक्षा कडक शॉकअप. मोठ्या उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहिली, तर शॉकअप संपले. आणि एका बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर डोके डावी-उजवीकडे फेकले जात असेल, तर अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) आणि अखंड अ‍ॅक्सल. ८० ते ११० च्या दरम्यान ठरावीक वेगालाच कंप येऊन पुढे तो कमी होत असेल, तर तो राइडचा प्रश्नच नाही. बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद चाकांच्या कण्याकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे तपासा. बाजारातली बरीच चाके हबच्या (चाक बसते त्या भागाच्या) मधल्या कड्यावर नीट बसत नाहीत, नुसती नटांवर मध्यात येतात. तुमची २० इंची चाके बाहेरची असतील तर हबच्या मापाची सेंटरिंग रिंग आहे का ते आधी बघा.

चार तक्रारी वेगळ्या करायचे कारण कंपनाच्या गतीत आहे. स्प्रिंगवरची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा हलते. अ‍ॅक्सल आणि चाक सेकंदाला १० ते १५ वेळा उडते. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या) कंपनाला सर्वांत हळवे असते. म्हणजे सावकाश हेलकावा माणूस सहन करतो, पण चाकाकडून येणारी जलद थरथर थोडी जरी वर झिरपली तरी पोट आणि पाठ लगेच तक्रार करतात. मोठ्या ट्रक-वर्गाच्या गाडीत अ‍ॅक्सल आणि चाके जड असल्याने ही झिरप मुळातच जास्त असते.

काहीही बदलण्याआधी एक मोजमाप करून ठेवा. कंपन नोंदवणारे कोणतेही साधे अ‍ॅप घ्या आणि फोन मधल्या रांगेच्या सीटच्या रुळाजवळ जमिनीवर चिकटवा. सीटवर ठेवू नका, फोम आकडे बिघडवतो. रस्त्याचा तोच एक किलोमीटरचा तुकडा, तोच वेग, तीन फेऱ्या. प्रत्येक बदलानंतर हेच पुन्हा करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नव्या भागावर पैसे घातले की गाडी मऊ झाल्यासारखी वाटतेच. आकडे तशी भूल पडू देत नाहीत.

आता टायर. तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक इथेच पडणार आहे, म्हणून इथे जास्त थांबतो.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा आकडा असतो. तो मूळ मापाच्या, मूळ वर्गाच्या टायरसाठी असतो. टायरवर कोरलेला कमाल दाब ही टायरची मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. प्रवासी-वर्गाच्या टायरऐवजी एलटी टायर बसवला की तेवढाच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते. म्हणजे तुमचे ४५ पीएसआय चूक असेलच असे नाही. टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात तुमचे माप शोधा, प्रत्येक अ‍ॅक्सलवरचे खरे वजन वजनकाट्यावर घ्या, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीचे, आणि त्यावरून पुढचा-मागचा आकडा ठरवा. दोन माणसे असताना मागच्या चाकांना बहुधा ४५ पेक्षा बरीच कमी हवा पुरेल. मात्र तक्त्यातल्या किमान दाबाच्या किंवा तुमच्या भाराला लागणाऱ्या दाबाच्या खाली कधीच जाऊ नका. कमी हवेच्या टायरची भिंत सतत वाकते, तापते आणि हमरस्त्यावर फुटू शकते. कुटुंब आणि सामान भरले की हवा पुन्हा वाढवायची, निघण्याआधी. हवा मोजायची ती गार टायरची, गाडी किमान तीन तास उभी असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये ३ ते ५ पीएसआय जास्त दिसतात. ते 'जास्त झालेत' म्हणून काढून टाकणे ही फार नेहमीची चूक आहे.

हवा बरोबर करूनही दहा प्लायची भिंत ताठच राहणार. तिथे प्रश्न रबराच्या उंचीचा आणि वजनाचा आहे. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत असतो. २७५/५५ आर २० या टायरची साइडवॉल सुमारे १५१ मिलीमीटर उंच असते. २७५/६५ आर १८ ची १७९ आणि २७५/७० आर १७ ची १९२. तिन्हींचा एकूण व्यास मात्र जेमतेम सात मिलीमीटरने वेगळा, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास जागच्या जागी राहते. २० वरून १८ वर आलात की खड्डा आणि रिम यांच्यामध्ये २८ मिलीमीटर हवा-रबर वाढते. शिवाय त्याच मापाचा प्रवासी-वर्गाचा हायवे टायर दहा प्लायच्या टायरपेक्षा दर चाकामागे कित्येक किलोंनी हलका असतो. चाक हलके झाले की शॉकअपला ते आवरणे सोपे जाते, आणि हा फायदा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या सहज मिळत नाही.

दोन अटी आहेत. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही हे बसवून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय टायर चढवू नका. आणि भारक्षमता तपासा: ट्रक-वर्गाच्या गाडीवर प्रवासी-वर्गाचा टायर लावताना त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात. लोड इंडेक्स (टायरवरचा भाराचा सांकेतिक आकडा) ११६ म्हणजे १२५० किलो, भागल्यावर सुमारे ११३६ किलो. भरलेल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे वजन या आकड्याच्या दुपटीपेक्षा आरामात कमी हवे. तुम्ही जड ट्रेलर ओढत असाल किंवा टोकदार दगडांच्या वाटेवर नियमित जात असाल तर एलटी टायर सोडू नका. मग आरामाची अपेक्षाच थोडी खाली आणावी लागेल. प्रश्नावरून तसे दिसत नाही, म्हणून माझे मत १८ इंची चाके आणि प्रवासी-वर्गाचे हायवे टायर असेच आहे. मूळ रिम ठेवल्या असतील तर आधी त्याच वापरा.

दुसरी गादी बुशांची. ९० हजारांनंतर कंट्रोल आर्म (चाक धरणाऱ्या भुजा), पाट्यांचे डोळे (टोकांची भोके) आणि शॅकल (पाट्याचे टोक झुलू देणारा दुवा) यांचे बुश फाटले आहेत का, पहारीने हलवून पहा. बदलताना मूळ प्रकारचे रबरच घ्या. पॉलियुरेथेन टिकाऊ असते, स्टीअरिंग नेमके करते, पण थरथर जास्त पोचवते. बसवताना एक चूक इतकी सर्रास होते की ती ठळकपणे सांगायला हवी. या बुशांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म हलला की रबर पिळते आणि परत येते. गाडी लिफ्टवर, चाके खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर लोंबती स्थिती हीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेले राहते. परिणाम असा की नवे बुश घालूनही गाडी आधीपेक्षा ताठ चालते, थोडी उंच बसते आणि काही महिन्यांत रबर फाटते. म्हणून बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर किंवा अ‍ॅक्सलखाली स्टँड देऊन तिच्या रोजच्या उंचीला आणायची, एक-दोनदा दाबून सोडायची आणि मगच ठरवलेल्या टॉर्कने आवळायचे. गॅरेजला हे आधी सांगा आणि शेवटचे आवळणे समोर उभे राहून पाहा.

आता स्प्रिंग. इथे थोडे गणित उपयोगी पडते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके मिलीमीटर दबते त्याचे वर्गमूळ घ्या आणि १५.७६ ला त्याने भागा. बॉडी सेकंदाला किती वेळा हलेल तो आकडा मिळतो. समजा मागच्या स्प्रिंगवर रिकाम्या गाडीचे ८०० किलो येतात आणि त्या ८० मिलीमीटर दबतात. उत्तर १.७६ हर्ट्झ. त्यावर ४०० किलो माणसे-सामान चढले की दाब १२० मिलीमीटर, उत्तर १.४४. तीच गाडी भरल्यावर मऊ का वाटते ते यात आहे. आता लिफ्ट किटबरोबर २५ टक्के ताठ स्प्रिंग आल्या, तर रिकाम्या गाडीचा दाब ६४ मिलीमीटर आणि उत्तर १.९७. दोन माणसांच्या रोजच्या प्रवासासाठी हे उलट्या दिशेला जाणे झाले.

म्हणून किटच्या पेटीवर 'स्थिर भार २०० किलो' किंवा तत्सम काही लिहिले असेल तर तो सल्ला गंभीरपणे घ्या. तेवढे वजन कायम गाडीत नसेल तर ती स्प्रिंग तुमची नाही.

पाट्यांत तीन गोष्टी पाहायच्या. एक, पाने एकमेकांवर गंजून घासतात का. पाने सुटी करून, घासून, टोकांना नवे प्लॅस्टिकचे पॅड घातले तर बारीक हादऱ्यांवर पाटा हलायला लागतो. घर्षणाने जाम झालेला पाटा लहान खाचांवर स्प्रिंगसारखा वागतच नाही, तो सरळ लोखंडी पट्टीसारखा वागतो आणि तिथे टायर एकटाच काम करतो. दोन, सर्वांत खालचे जाड, सरळ पान रिकाम्या गाडीत वरच्या पानांना टेकलेले नसावे. वरची पाने बसली असतील तर ते कायम टेकून राहते आणि भरलेल्या गाडीचा ताठपणा रिकाम्यातही येतो. तीन, शॅकलचा कोन. वजन आल्यावर पाटा लांबतो आणि शॅकलने त्याला मागे जाऊ द्यायला हवे. तो उलट्या बाजूला कलला असेल तर पाटा अडकतो.

एक पान काढून टाका, गाडी मऊ होईल, असे कोणीतरी सांगेलच. होईलही, पण उरलेल्या पानांवर ताण वाढतो आणि सुट्टीच्या दिवशी भरलेली गाडी बंप स्टॉपवर बसून चालते. रिकाम्या गाडीचा आराम हवाच असेल तर स्प्रिंग बनवणाऱ्याकडून पातळ आणि जास्त पानांचा पाटा बनवून घ्यावा. पानाचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. आठऐवजी सात मिलीमीटरचे पान सुमारे ३३ टक्के मऊ असते, म्हणून एक मिलीमीटरचा निर्णयही तज्ज्ञाने हिशेब करूनच घ्यायचा. जोडीला हवेचे मदतनीस फुगे लावता येतात: रिकामी असताना उत्पादकाने सांगितलेला किमान दाब, बहुधा ५ पीएसआय, आणि भार चढला की गाडी पुन्हा मूळ उंचीला येईपर्यंत हवा. फुग्यांमुळे गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही, तेवढे ध्यानात ठेवा.

बंप स्टॉपबद्दल लोक क्वचित विचारतात. मागच्या स्प्रिंग बसल्या की अ‍ॅक्सल आणि रबरी स्टॉपमधले अंतर कमी होते आणि साध्या गतिरोधकावरही दणका बसतो. माणसाला वाटते स्प्रिंग कडक झाली. खरे तर ती बसून संपली आहे. स्टॉपवर चकाकी किंवा ताजा ओरखडा दिसला तर समजा. सूक्ष्म छिद्रांच्या फोमचे, हळूहळू ताठ होत जाणारे स्टॉप मिळतात. भरलेल्या गाडीत त्यांचा फरक स्पष्ट जाणवतो.

शॉकअप बदलायचे का? ९० हजारांवर बहुधा हो, पण मूळ ताकदीचेच. बोनेट दाबून गाडी किती हलते ते पाहण्याच्या परीक्षेवर विसंबू नका. हाताने जेवढ्या वेगाने गाडी दबते त्यावर फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. दांड्याजवळ तेलाचा पातळ थर असणे चालते, तेल ओघळून खालपर्यंत आले असेल तर तो गेला. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकत्र बदला. कडक शॉकअप हेलकावा थांबवतो, पण झटकन येणाऱ्या दणक्याला तोच सर्वांत जास्त विरोध करतो, आणि तुमची मुख्य तक्रार दणक्याची आहे. दुहेरी नळीचा शॉकअप आडवा साठवला असेल तर आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी सरळ धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, असे तीन ते पाच वेळा करा. गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉकअप किंवा एअर सस्पेन्शन असेल तर त्या जागी साधे भाग बसवू नका. आरामही जातो आणि यंत्रणा दोषही दाखवत राहते.

लिफ्टचा आणखी एक तोटा चाक खाली जाण्याच्या अंतराचा. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारे दांडे) असतील आणि ते पिळून उंची वाढवली, तर बारचा ताठपणा बदलत नाही, हे खरे आहे. पण वरचा आर्म खालच्या मर्यादेच्या स्टॉपजवळ येऊन बसतो. खड्डा आला की चाक खाली जाऊच शकत नाही आणि गाडीच चाकाबरोबर खाली पडते. पुढे आणि मागे वेगळ्या प्रमाणात ताठ केले तर पुढे-मागे डुलणेही सुरू होते. सस्पेन्शनचे अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवले की पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी मऊ ठेवावी. मागचे चाक खड्ड्यावर उशिरा येते. तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत ६० च्या वेगाला हा उशीर ०.१८ सेकंदाचा. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होते, डोलत नाही.

बॉडी माउंट तपासायला वेळ काढा. फट मोजा: बॉडी आणि चेसिसमधले अंतर दोन्ही बाजूंना, सगळ्या माउंटपाशी. कुठे कमी झाले असेल तर तिथले रबर बसले आहे. बदलायचे तर पूर्ण संच. बोल्ट दोन्ही बाजूंचे ढिले करून एका बाजूनेच बॉडी थोडी उचलायची, आणि उचलताना स्टीअरिंगची कांडी, पंख्याचे कवच, रेडिएटरचे पाइप आणि तारा ताणल्या जात नाहीत ना, यावर एका माणसाने नजर ठेवायची.

अँटी-रोल बार काढून टाकू नका. स्थिरता-नियंत्रण यंत्रणा तो असल्याचे धरून जुळवलेली असते. त्याच्या लिंकचे झिजलेले बुश मात्र बदला.

तिसऱ्या रांगेबद्दल अपेक्षा आधीच ठरवा. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा मागे असते, त्यामुळे सगळे नीट करूनही मधल्या रांगेइतकी शांत होणार नाही. जड अखंड अ‍ॅक्सलची ही मर्यादा मोठ्या एसयूव्ही बनवणाऱ्यांनीही ओळखली आहे: फोर्ड एक्स्पिडिशनने २००३ च्या मॉडेलपासून आणि शेवरोले टाहोने २०२१ च्या मॉडेलपासून लॅडर फ्रेम कायम ठेवून मागे स्वतंत्र सस्पेन्शन घेतले. तुमच्या गाडीत ते बदलणे व्यवहार्य नाही. पण लांबच्या प्रवासात जड सामान छतावर किंवा अगदी मागे न ठेवता मधल्या रांगेच्या पाठीशी, जमिनीवर ठेवा. टोकाचे वजन जितके आत येते तितके डुलणे कमी. सीटचा फोम बसला असेल तर तोही बदला.

क्रम असा ठेवा: मोजमाप, वजन आणि हवा, मग बुश आणि माउंटची तपासणी, मग चाके-टायर, त्यानंतर शॉकअप आणि बंप स्टॉप, पाट्यांना हात सर्वांत शेवटी. बहुतेक गाड्यांत चाके-टायरच्या पायरीनंतरच आकडे इतके सुधारतात की पुढचा खर्च थांबवता येतो. पाटे उघडलेच तर जुने यू-बोल्ट (पाटा कण्याला बांधणारे) पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले की त्यांची पकड भरवशाची राहत नाही. नवे लावा, गाडी वजनावर उभी असताना तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा, आणि ५०० ते १००० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. अलाइनमेंट त्या तपासणीनंतर करून घ्या, आधी नाही.